चिखलखेकड्याची ओळख: कपाळ, मनगट आणि पाय

कुंभकोणमपासून दहा-बारा किलोमीटरवर तिरुंदुदेवनकुडी नावाचं लहानसं गाव आहे. भाताच्या शेतांमध्ये तिथं कर्कटेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. आसपासचे लोक त्याला ‘नंडू कोविल’ म्हणतात, म्हणजे खेकड्याचं देऊळ. स्थलपुराण असं सांगतं की दुर्वासांच्या शापानं खेकडा झालेला एक गंधर्व इथल्या तळ्यातलं कमळ नेऊन शिवाला वाहायचा. इंद्रही याच पिंडीची कमळांनी पूजा करत होता. आपलं फूल खेकडा पळवतो हे पाहून इंद्रानं त्याच्यावर घाव घातला, तेव्हा पिंडीला भोक पडलं आणि तिनं खेकड्याला पोटात घेतलं. ते भोक आणि घावाची खूण आजही दाखवतात. कर्क राशीची माणसं इथं आवर्जून दर्शनाला येतात. सातव्या शतकातल्या संबंदरांनी या स्थानावर पदं रचली आहेत.

कमळाच्या तळ्यात राहणारा हा खेकडा गोड्या पाण्यातला असणार. कावेरीच्या या मुलखात दुसरा एक मोठा खेकडाही आहे. काळपट हिरवा, जड, नांग्या दोरीनं बांधूनच विकावा लागणारा. तो खाजणातून येतो. आपल्याकडे मुंबईत त्याला चिंबोरी म्हणतात, तळकोकणात आणि गोव्यात कुर्ली. तो एकच प्राणी आहे असं आपण धरून चालतो, पण त्याच्या चार जाती आहेत. त्या ओळखायला पाठीचा रंग फारसा उपयोगी पडत नाही. कपाळ, मनगट आणि पाय मात्र खरं सांगतात.

आधी गोडा की खारा

कुंभकोणम समुद्रापासून आत आहे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधलं हे शहर, चहूकडे कालवे आणि भातशेती. इथल्या बांधांत बिळं करून राहणारा खेकडा म्हणजे ‘वयल नंडू’, शेतातला खेकडा. आपल्याकडच्या मुठ्यांचा आणि किरव्यांचा हा नातलग. सर्दी-पडशाला त्याचं रस्सम इथं घरोघर करतात, जसं आपल्याकडे किरव्यांचं कढण करतात.

चिखलखेकड्यापासून तो वेगळा काढायला एक खूण पुरते. शेवटची पायांची जोडी पाहा. शेतातल्या खेकड्याचे चालायचे सगळे पाय टोकाला अणकुचीदार असतात. चिखलखेकड्याची शेवटची जोडी मात्र चपटी, टोकाला गोलसर पसरलेली असते, कारण तो पोहणाऱ्या खेकड्यांच्या कुळातला आहे. चिखलात बीळ करून राहत असला तरी भरतीच्या पाण्यात तो चांगला पोहतो.

त्यांच्या जगण्यातही मोठा फरक आहे. शेतातल्या खेकड्याच्या अंड्यांतून थेट इवलेसे खेकडे बाहेर पडतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली बसून राहतात. समुद्राशी त्यांचा संबंधच येत नाही. चिखलखेकड्याची मादी मात्र अंडी घेऊन खाडीतून समुद्राकडे जाते. तिच्या लाखो अंड्यांतून निघणारी अळी खेकड्यासारखी दिसतही नाही. ती पाण्यात तरंगत राहते, अनेकदा कात टाकते आणि मग कुठे खेकड्याचं रूप घेऊन किनाऱ्याकडे, तिवरांकडे वळते. म्हणून कुंभकोणमच्या शेतात चिखलखेकडा जन्मू शकत नाही. इथल्या बाजारात तो येतो तो किनाऱ्यावरून: उत्तरेला कोल्लिडम नदीचं मुख आणि पिचावरमचं कांदळवन, दक्षिणेला मुत्तुपेट्टईची खाजणं.

तरंगंबाडीचं नाव घेतलेला खेकडा

कुंभकोणमहून पूर्वेला मयिलाडुदुरैवरून गेलं की ६०-७० किलोमीटरवर तरंगंबाडी लागते. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकानं हे बंदर डॅनिश व्यापाऱ्यांना दिलं आणि १८४५पर्यंत ते त्यांच्याकडे राहिलं. युरोपात त्याचं नाव झालं ट्रँकेबार. व्यापाऱ्यांमागोमाग इथं पाद्री आले, वैद्य आले, आणि कीटक, शंख, मासे, खेकडे गोळा करून कोपनहेगनला पाठवणारी माणसंही आली.

योहान क्रिस्टियन फाब्रिसियस हा डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ लिनियसचा विद्यार्थी. १७९८ साली त्यानं एका खेकड्याचं वर्णन छापलं आणि त्याला या बंदराचं नाव दिलं. आज त्या जातीला स्किला ट्रँक्वेबारिका म्हणतात. मराठी वाचकाला १७९८ हे साल दुसऱ्या कारणानं ओळखीचं असेल: त्याच वर्षी दुसरे सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले. त्यांना लहानपणी शिकवणारे श्वार्ट्झ हेही तरंगंबाडीच्याच डॅनिश मिशनमधून आलेले. ज्या वाटेनं सरफोजींकडे युरोपीय विद्या आली, त्याच वाटेनं इथले प्राणी युरोपच्या कपाटांत गेले. तंजावरच्या मराठी दरबाराच्या इतिहासात या देवघेवीचा हा भाग फारसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा असं मला वाटतं.

याआधी दोघांनी या गटातल्या खेकड्यांना नावं दिली होती. लिनियसचाच दुसरा विद्यार्थी पेटर फोर्स्कोल डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि १७६३ साली येमेनमध्ये वारला. त्याच्या टिपणांतून १७७५ साली सेराटा हे नाव छापलं गेलं. ती टिपणं छापणारा कार्स्टन नीबुर हा त्या मोहिमेतला सहकारी. सोबती मरत गेल्यावर तो १७६३ सालीच मुंबई बंदरात उतरला होता. बर्लिनच्या हेर्ब्स्टनं १७९६ साली ऑलिव्हेसिया हे नाव दिलं. चौथं, पॅरामामोसेन, बरंच नंतरचं: १९४९ साली फिलिपिन्समधल्या एस्टाम्पाडोरनं ते दिलं.

मग घोळ कुठं झाला

फोर्स्कोलनं पाहिलेला मूळ नमुना टिकला नाही. सेराटा म्हणजे नक्की कुठला खेकडा, हे पडताळायला हातात काही उरलं नाही. जुनी वर्णनं चार-सहा ओळींची, आणि ती चारही जातींना लागू पडावीत इतकी मोघम. एस्टाम्पाडोरनं जाती वेगळ्या केल्या, तर १९६०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी त्या पुन्हा एकत्र करून सगळ्यांना सेराटा म्हटलं. त्यामुळं कित्येक वर्षं आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंतचा प्रत्येक चिखलखेकडा एकाच नावानं नोंदला जात होता.

भारतात कोळ्यांना दोन प्रकार चांगले ठाऊक होते, एक मोठा हिरवट आणि एक लहान तांबूस. १९८०-९०च्या दशकांतल्या आपल्या अभ्यासकांनीही दोन जाती मानल्या, पण मोठ्याला ट्रँक्वेबारिका आणि लहानाला सेराटा म्हटलं.

१९९८ साली, फाब्रिसियसच्या वर्णनानंतर बरोबर २०० वर्षांनी, क्लाइव्ह कीनन, पीटर डेव्ही आणि डेव्हिड मान यांनी हा गुंता सोडवला. त्यांनी संग्रहालयांतले जुने नमुने काढून पाहिले, ठिकठिकाणचे खेकडे मोजले, त्यांची प्रथिनं आणि डीएनए तपासला. तांबड्या समुद्रातला एक खेकडा सेराटाचा नवा प्रमाण-नमुना म्हणून ठरवला आणि चार जाती पक्क्या केल्या. त्या निकषानं पाहिलं तर भारतातला मोठा हिरवट खेकडा सेराटा ठरतो आणि लहान तांबूस ऑलिव्हेसिया. पुढं इथल्या खेकड्यांच्या डीएनए-तपासणीतही बाजारात येणारे दोन प्रकार हेच निघाले.

यातून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. जुना भारतीय अहवाल किंवा प्रबंध वाचताना त्यातलं नाव जसंच्या तसं घेऊ नका. त्यात ‘सेराटा’ लिहिलं असेल आणि खेकडा लहान, तांबूस सांगितला असेल, तर तो आजचा ऑलिव्हेसिया समजावा. ‘ट्रँक्वेबारिका’ लिहून दीड-दोन किलोंचा खेकडा सांगितला असेल, तर तो बहुधा आजचा सेराटा. मादी किती आकाराला वयात येते, कुठल्या महिन्यात अंडी धरते, ही सगळी माहिती या उलटापालटीत चुकीच्या जातीच्या खात्यावर पडलेली आहे. ती वाचून कुणी तळं काढलं तर नुकसान त्याचं होतं.

पाहायच्या तीन जागा

खेकडा बांधलेला असतानाच हातात घ्यावा. मोठ्या खेकड्याची नांगी बोट फोडू शकते, आणि बांधलेल्या खेकड्यातही हवं ते सगळं दिसतं.

पहिली जागा कपाळ. दोन डोळ्यांच्या मधल्या कडेवर चार दाते असतात. ते उंच आहेत की बुटके, टोकदार की बोथट, आणि दोन दात्यांमधली खाच गोल आहे की कोनदार, हे पाहायचं. कवचाच्या बाजूला डोळ्यापासून टोकापर्यंत प्रत्येकी नऊ काटे असतात. ते चारही जातींत असतात, तेव्हा ते मोजत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा नांगी. नांगीचा जो भाग मिटतो-उघडतो त्याच्या मागचा फुगीर पंजा, आणि पंज्याच्या मागचा आखूड सांधा म्हणजे मनगट. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला काटे दोन आहेत, एक आहे, की नुसता उंचवटा आहे? पंज्यावर, हलणारं बोट जिथं बसतं त्याच्या मागं, काट्यांची जोडी ठळक आहे की झिजल्यासारखी? तिन्हींतली सगळ्यात भरवशाची जागा मला मनगटाचीच वाटते. कपाळाचा उंच-बुटकेपणा शेजारी दुसरा खेकडा असल्याशिवाय नवख्याला कळत नाही. मनगटावरचा काटा मात्र असतो किंवा नसतो.

तिसरी जागा पाय. पाय ओले करून उजेडात धरले की काहींवर बहुकोनी चौकटींची जाळी दिसते. ती सगळ्या पायांवर आहे, फक्त मागच्या दोन जोड्यांवर ठळक आहे, की कुठंच नाही, यावर बरंच ठरतं.

चार जाती

सेराटा सगळ्यात मोठा होतो. दोन किलोंच्या वर गेलेला चिखलखेकडा म्हणजे बहुतेक हाच. कपाळाचे दाते उंच, टोकाला जरा बोथट, दोन्ही बाजूंनी आत वळलेले, आणि मधल्या खाचा गोल. मनगटावर बाहेरच्या बाजूला दोन ठळक काटे, पंज्यावरही काट्यांची ठळक जोडी. जाळी नांग्यांवर आणि सगळ्या पायांवर स्वच्छ दिसते, मादीच्या पोटाच्या पट्टीवरही दिसते. मादीच्या पोटावर जाळी दिसली की मी पुढं फार शोधत नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत पसरलेली ही जात चांगल्या खाऱ्या पाण्याच्या कांदळवनात जास्त रमते.

ऑलिव्हेसिया आपल्या बाजारातला दुसरा. कपाळाचे दाते बुटके, गोलसर, खाचा उथळ, त्यामुळं कपाळ सपाट वाटतं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला आतला काटा नसतोच, दुसऱ्याच्या जागी लहानसा बोथट उंचवटा. पंज्यावरचे काटेही मोठ्या खेकड्यात दबलेले. जाळी कुठंच नाही. पाठ तपकिरी-हिरवी, नांग्या तांबूस किंवा नारिंगी. हा बिळात राहणारा, वजनानं बहुधा किलोच्या आत. जिथं पावसाळ्यात नदीचं पाणी उतरून खाडी गोडसर होते, अशा मुखांशी तो भरपूर मिळतो. लहान असला तरी मांस गच्च असतं, आणि तमिळनाडूपासून बंगालपर्यंत खाणारा त्याला कमी लेखत नाही.

ट्रँक्वेबारिका, तरंगंबाडीच्या नावाचा, या दोघांच्या मधला दिसतो आणि म्हणूनच फसवतो. मनगटावर सेराटासारखेच दोन ठळक काटे, पंज्यावरही ठळक जोडी. पण कपाळाचे दाते मध्यम उंचीचे आणि बोथट. जाळी नांग्यांवर आणि पुढच्या पायांवर पुसट, मागच्या दोन जोड्यांवर ठळक. सेराटापासून याला वेगळं काढताना मनगट काही सांगत नाही, कपाळ आणि पाय एकत्र पाहावे लागतात.

पॅरामामोसेन मुख्यतः दक्षिण चीन समुद्राच्या बाजूचा, व्हिएतनाम-थायलंडकडचा. दाते उंच, त्रिकोणी, कडा सरळ, खाचा कोनदार. मनगटावर आतला काटा नाही, बाहेरचा झिजलेला, पण पंज्यावरची जोडी ठळक. परदेशातल्या मराठी घरांत गोठवलेला आग्नेय आशियाई खेकडा येतो, त्यात हा असू शकतो.

रंगावर का विसंबू नये

खेकडेवाला रंगावरून ‘हिरवा’ आणि ‘लाल’ असं सांगतो आणि बऱ्याचदा त्याचं बरोबर असतं. कारण तो एकाच खाडीचे खेकडे वर्षानुवर्षं पाहत आलेला असतो. पण चिखलखेकड्याचा रंग तो राहतो त्या जागेप्रमाणं बदलतो. काळ्या गाळातला गडद होतो, वाळूमिश्रित स्वच्छ पाण्यातला फिकट. नुकतीच कात टाकलेला उजळ दिसतो, जुनं कवच शेवाळानं मळतं. शिजल्यावर तर सगळेच लाल. आकाराचंही तेच: लहान सेराटा आणि मोठा ऑलिव्हेसिया एकाच टोपलीत एकाच वजनाचे निघतात.

तंजावरच्या बाजूचा खेकडा आणि मालवणचा खेकडा रंगानं वेगळे दिसले म्हणून जाती वेगळ्या होत नाहीत. कपाळ, मनगट आणि पाय पाहिले की दोन्ही सेराटा निघू शकतात.

नर-मादीचा फरक जातीशी गुंतवू नये, तो सगळ्यांत सारखाच. पोटाखालची दुमडलेली पट्टी नरात अरुंद आणि टोकदार, वयात आलेल्या मादीत रुंद, गोल, गडद. वयात न आलेल्या मादीची पट्टी त्रिकोणी असते, म्हणून घाईत ती नर समजली जाते. गाभोळी भरलेल्या मादीला भाव जास्त. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात असं आपल्याकडे म्हणतात. पण भरलेपणा पाहायचा असेल तर तिथी न पाहता पायांच्या मुळाशी पोटाकडचं कवच दाबून पाहावं. ते दबलं तर कात नुकती टाकलेली आहे आणि आत मांसापेक्षा पाणी जास्त आहे.

सिरकाळीचं बी, सिंधुदुर्गाची खाजणं

खाणाऱ्याचं जातीवाचून फारसं अडत नाही. पाळणाऱ्याचं अडतं. तळ्यात खाडीतून पकडलेलं मिसळीचं बी, म्हणजे लहान पिलं, सोडलं तर सेराटा भराभर वाढतो, ऑलिव्हेसिया मागं राहतो. खेकडे आपल्याच भावंडांना खातात, विशेषतः कात टाकून मऊ झालेल्याला. मोठा आणि लहान एकत्र असले की लहान संपतो. काढणीला जे उरतं त्याच्या निर्यातीत वजनाप्रमाणं प्रतवारी करतात, आणि सिंगापूरसारख्या बाजाराला जिवंत, मोठा खेकडा हवा असतो. जात चुकली की सबंध हंगामाचं खाद्य वाया जातं.

तरंगंबाडीच्या उत्तरेला सिरकाळी तालुक्यात तोडुवाय गावी राजीव गांधी जलकृषी केंद्राचं चिखलखेकड्याचं बीजकेंद्र आहे. हे केंद्र समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतं. सेराटाच्या मादीला इथं अंडी धरायला लावतात, अळ्या वाढवतात आणि लहान खेकडे शेतकऱ्यांना देतात. अळीचे एकामागून एक टप्पे, प्रत्येक टप्प्याला वेगळं जिवंत खाद्य, आणि शेवटच्या टप्प्यात एकमेकांना खाण्याची सवय, यामुळं हे काम फार अवघड आहे. ती पद्धत बसवल्याबद्दल केंद्राला पेटंटही मिळालं.

याच केंद्राचं बी महाराष्ट्रातही आलं. राज्याच्या, २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षानं संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साथीनं सिंधुदुर्गात खेकडापालन सुरू करून दिलं. तिवरांची तोड न करता, भरतीचं पाणी ये-जा करील अशा जाळीच्या कुंपणात खेकडे वाढवायचे, आणि हे काम गावातल्या बचतगटांनी करायचं. मला ही योजना मनापासून पटते. तिवर उभे राहिले तरच खेकडा वाढतो, त्यामुळं ज्याचं पोट खेकड्यावर आहे तो तिवर राखतो. बीजकेंद्रातलं बी एकाच जातीचं येतं, तेव्हा ओळखीचा प्रश्न उरत नाही. भरतीबरोबर रानातलं पिलू कुंपणात शिरलं, किंवा कमी पडलं म्हणून खाडीतलं बी विकत घेतलं, की तो पुन्हा येतो.

पिलांच्या बाबतीत

वर सांगितलेल्या खुणा मोठ्या खेकड्याच्या आहेत. पिलांत त्या तशाच लागू करू नयेत. ऑलिव्हेसिया आणि पॅरामामोसेन यांच्या पिलांना मनगटावर टोकदार काटा असू शकतो, आणि तो वयाबरोबर बोथट होतो. म्हणजे ज्या जागेवर मोठ्या खेकड्यात सगळ्यात जास्त विसंबायचं, तीच जागा पिलात दगा देते. पिलू पाहताना आधी कपाळ बघावं, दाते बुटके-गोल आहेत की उंच, आणि मग पायांवर जाळीचा मागमूस आहे का ते. शंका राहिली तर मूठभर पिलं वेगळ्या टाकीत, एकमेकांपासून आडोसा देऊन, काही कातींपर्यंत वाढवावीत. मनगट पक्कं होईपर्यंत उरलेल्या बियाण्याचे पैसे चुकते करू नयेत. संशोधनासाठी नोंद करायची असेल तर पायाचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवावा, म्हणजे डीएनए तपासता येतो. सोबत कपाळाचा, मनगटाचा आणि मागच्या पायाचा असे तीन फोटो आणि खाडीचं नाव लिहून ठेवावं.